सुट्या नळ्या आणि ठासणीची बंदूक

सह्याद्रीच्या ज्या उतारावरून नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंद या नद्या पूर्वेकडे वाहत जातात, त्या भोर-वेल्ह्याच्या मुलुखाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तोरणा, राजगड आणि रोहिडा या गडांची दप्तरे, सनदा आणि शकावल्या मोठ्या निष्ठेने धुंडाळल्या. परंतु त्या गडांच्या पायथ्याशी पसरलेल्या रानात कोणाच्या खांद्यावर कोणती बंदूक होती, ती कोणाच्या परवानगीने होती आणि कोणत्या श्वापदावर झाडली जात होती, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळले नाही. वास्तविक पाहता हत्याराच्या घडणीत त्या काळाची राज्यव्यवस्था, कारागिरी आणि जमिनीचा स्वभाव ही तिन्ही एकत्र उमटलेली असतात, आणि म्हणून विलायतेत घडवलेली, नळ्या बदलता येणारी, पेटीत सुटी होऊन मावणारी संस्थानी रायफल आणि मावळातील शेतकऱ्याच्या आढ्याला टांगलेली ठासणीची बंदूक या दोन वस्तू शेजारी ठेवून पाहिल्या, तर या डोंगराळ प्रांताच्या गेल्या दीड-दोनशे वर्षांचा एक निराळाच वृत्तांत हाती लागतो.

पंतसचिवांच्या भोर संस्थानात विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे पाच तालुके असत. वेल्हे तालुक्याचा पुष्कळसा भाग राजगड व प्रचंडगड या दोहोंत मोडे, आणि घाट उतरून खाली कोकणात पालीपर्यंत संस्थानची हद्द जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे सव्वानऊशे चौरस मैलांच्या या मुलुखात जेमतेम एक लक्ष सदतीस हजार माणसे राहत होती. उरलेले सारे कारवी, करवंद, हिरडा आणि जांभूळ यांचे रान होते. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत शिलेखाना व दारूखाना यांच्या जोडीला शिकारखान्याचे स्वतंत्र खाते असे, आणि सवाई माधवरावांच्या काळी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी तो शिकारखाना पाहावयास परदेशी वकीलही जात, हे प्रसिद्धच आहे. शिकार ही राजविलासाची गोष्ट असली तरी ती कारभाराचाही एक भाग होती: रानातून जाणाऱ्या वाटा, पाणवठे, चौक्या आणि त्या राखणारी माणसे यांची ओळख दरबाराला शिकारीच्या निमित्ताने होई.

त्या काळची बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक. तिची नळी लांब, दस्त्याला पट्ट्यांनी जखडलेली. नळीच्या मुळाशी कानाजवळ दारूची चिमूट आणि वर जळता तोडा. पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर ज्या धारा कोसळतात त्या पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, की आषाढात वेल्ह्याच्या रानात तोडा पेटता ठेवणे हे जवळजवळ अशक्य कर्म होय. म्हणून बंदुकीची शिकार दसऱ्यानंतर सुरू होई आणि शिमग्याच्या सुमारास तिला भर येई. पुढे टोपीची बंदूक आली. तोड्याच्या जागी तांब्याची लहानशी टोपी, तिच्यात स्फोटक रसायन आणि तिच्यावर आदळणारा घोडा अशी तिची रचना होती, आणि तिने पावसाचे भय बरेचसे घालवले. पण दारू, चिंध्या व गोळी गजाने तोंडाकडूनच ठासावी लागे, म्हणून ती लोकांच्या तोंडी ठासणीची बंदूकच राहिली.

या डोंगरातील बंदुकीकडे सरकारने कधीही निर्धास्त मनाने पाहिले नाही, आणि त्याला कारण होते. रामोश्यांचा नायक उमाजी १८३१ च्या डिसेंबरात पकडला गेला तो भोरजवळच्या उत्रोळी गावी, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी दिले गेले. गडाची राखण, गावची जागल आणि रानातील पारध या तिन्ही कामांत मुरलेल्या माणसांच्या हातची हत्यारे आणि त्यांच्या पायांखालच्या वाटा ही इंग्रजी अंमलाला डोकेदुखी होती. १८५७ च्या उठावानंतर १८६० चा हत्यारांविषयीचा ३१ वा कायदा आला, आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत हत्यारांचा तो कायदा झाला, ज्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरवला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्यात सुधारणा मागितली. रानालगतच्या रयतेला श्वापदांपासून आपले पीक व गुरे राखता येत नाहीत, हा त्या काळच्या नेत्यांचा आवडता आणि माझ्या मते निर्विवाद असा मुद्दा होता. संस्थानिकांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्या हद्दीत दरबारचे नियम चालत आणि खुद्द राजे कायद्याच्या जाचाबाहेर असत. म्हणजे एकाच डोंगराच्या दोन बाजूंना, इंग्रजी खालशात आणि संस्थानात, हत्यार बाळगण्याचा अधिकार दोन निरनिराळ्या तऱ्हांनी वाटला गेला होता, आणि दोहोंकडे तो रयतेच्या वाट्याला सर्वांत कमी आला.

आता त्या विलायती कारागिरीकडे वळू. कारण तिचा द्वेष करून तिचा इतिहास समजणार नाही. लंडनचे पर्डी, हॉलंड अँड हॉलंड व जॉन रिग्बी आणि बर्मिंगहॅमचे वेस्टली रिचर्ड्स यांसारख्या कारखान्यांना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील राजेरजवाड्यांएवढे उदार गिऱ्हाईक जगात क्वचितच लाभले. गिऱ्हाइकाच्या हाताची लांबी, खांद्याची रुंदी आणि नेम धरण्याची ढब मोजून दस्ता कोरला जाई. अक्रोडाच्या लाकडाचा ठोकळा त्याच्यापुढे निवडीसाठी ठेवला जाई. अशी बंदूक तीन तुकड्यांत सुटी होई: दस्त्यासह मधले पोलादी अंग, पुढचा लाकडी पकडा आणि नळ्या. पुढचा पकडा खिटी सोडवून काढला, वरची कळ फिरवून बंदूक मोडली, की नळ्या बिजागरीवरून अलगद उचलून घेता येत. चामड्याने मढवलेल्या ओकच्या पेटीत बनातीचे कप्पे केलेले असत. त्यांत हे तिन्ही भाग, साफ करण्याचा गज, तेलाची कुपी आणि फार करून नळ्यांची दुसरी जोडी बसे.

ही दुसरी जोडी म्हणजेच त्या कारागिरीचे शिखर. एकाच दस्त्याला आणि एकाच यंत्राला एकदा रायफलीच्या आटेदार नळ्या आणि एकदा छर्ऱ्याच्या गुळगुळीत बारा बोअरी नळ्या लावता याव्यात, म्हणजे सकाळी सांबरावर आणि संध्याकाळी रानकोंबड्यावर मालकाच्या खांद्याला तोच ओळखीचा दस्ता टेकावा, ही कल्पना. परंतु नळ्यांची दुसरी जोडी तयार मिळत नसे, ती त्या विशिष्ट बंदुकीवर हाताने बसवावी लागे. कारागीर पोलादाच्या भिडणाऱ्या पृष्ठांवर दिव्याची काजळी धरी, नळ्या बसवून पुन्हा काढी, काजळी जिथे पुसली गेली तेवढाच कण कानशीने घासून काढी, आणि सर्व अंगभर सारखा स्पर्श उमटेपर्यंत हे चालू ठेवी. दुनळी रायफलीचे आणखी एक अवघड कर्म असे, की दोन्ही नळ्यांच्या गोळ्या साठ ते शंभर यार्डांवर एकाच ठिकाणी पडाव्या लागत. नळ्या अगदी समांतर जोडल्या तर ते साधत नाही; बार सुटताच बंदूक उसळते आणि प्रत्येक नळी आपापल्या अंगाला कलते. म्हणून त्या तोंडाकडे किंचित जवळ आणून, मधल्या पाचरीचे डाक वितळवून, पाचर सरकवून, पुन्हा डाक लावून, पुन्हा बार काढून पाहणे असा क्रम चाले. जे हात हे काम करीत त्यांना मी कलावंत म्हणतो, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

नळ्या सुट्या केल्या आणि पुन्हा लावल्या तरी नेम ढळत नसे, याचे रहस्य साधे आहे: माशी आणि मागची खाच ही दोन्ही नळीवरच बसवलेली असत, त्यामुळे नळी जाई तिथे तिचा नेम तिच्याबरोबर जाई. पुढे बोल्टच्या मॅगझिन रायफलींना, विशेषतः माउझर धर्तीच्या रायफलींना, असेच सुटे करण्याचे प्रयोग झाले. नळीच्या मुळाशी असलेल्या आट्यांचे काही भाग कापून ती पाव फेरीत फिरवून काढावी अशी युक्ती निघाली. अमेरिकेत विंचेस्टर व सॅव्हेज यांनीही सुटी होणारी रायफल लोकप्रिय केली, आणि सॅव्हेजने रायफलीच्या नळीसोबत .४१० ची छर्ऱ्याची नळी देण्याची सोय केली. परंतु आट्यांवर बसणारी नळी शेकडो वेळा काढघाल झाली की सैल होते, आणि दुर्बीण नळीऐवजी मधल्या अंगावर बसवली की नळी बदलताच नेम पुन्हा लावावा लागतो. जर्मनीत ब्लेझर कंपनीने १९९३ च्या आपल्या आर ९३ रायफलीत दुर्बिणीची बैठक नळीवरच नेली, तेव्हा जुन्या बंदूककारांचे तत्त्वच नव्या वेषात परत आले असे म्हणावयास हरकत नाही.

एक तिसरी वाटही निघाली होती, आणि तिचा हिंदुस्थानाशी थेट संबंध आहे. जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बरी हा बंगालच्या फौजेतील अधिकारी. वायव्य सरहद्दीवरील अंबेलाच्या मोहिमेत १८६३ साली त्याने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. नळी बदलण्यापेक्षा एकाच नळीत दोन गुण आणावेत, या विचाराने त्याने १८८५ मध्ये अशी नळी योजली, की जी जवळजवळ सगळी गुळगुळीत असून केवळ तोंडाजवळच्या काही इंचांत आटे असावेत. हॉलंड अँड हॉलंडने ती ‘पॅराडॉक्स’ या नावाने विकली. तिच्यातून छर्रेही नीट पसरत आणि जड गोळीही शंभर यार्डांच्या आत खात्रीने लागे. मुंबईत १८९१ साली आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा उघडल्यावर असल्या वस्तू मागवण्यासाठी पश्चिम हिंदुस्थानातील साहेबांना आणि सरदारांना विलायतेपर्यंत पत्रव्यवहार करण्याचीही गरज उरली नाही.

येथे मी वाचकाला वेल्ह्याच्या रानात नेऊ इच्छितो, कारण कोणती नळी कुठे उपयोगी हे शेवटी रान ठरवते. तोरण्याच्या किंवा राजगडाच्या उतारावर कारवी माणसापेक्षा उंच वाढते. घळी अरुंद आणि खड्या. करवंदीच्या जाळीतून डुक्कर किंवा भेकर बाहेर पडते ते वीस-तीस पावलांवर आणि दिसते ते डोळ्याची पापणी लवेपर्यंत. दूर पल्ल्याची रायफल येथे क्वचितच आपले सामर्थ्य दाखवू शकते. रायरेश्वरासारख्या मोकळ्या पठारावर किंवा दरीच्या पलीकडल्या सोंडेवर जनावर उभे असेल तरच तिचा प्रसंग. ज्या शिकारी राजांना एका मोसमात घाटमाथ्याच्या दाट झाडीत, पुढच्या मोसमात देशावरच्या माळावर आणि नंतर मध्य प्रांतातील सागवानी जंगलात जावयाचे होते, त्यांना नळ्यांच्या दोन जोड्या हव्या होत्या. ज्याला जन्मभर एकाच रानात राहावयाचे होते त्याला ती गरज नव्हती. पेटीत सुटी होणारी बंदूक ही मुळात प्रवाशाची बंदूक आहे: १८५८ साली पुण्यापर्यंत आलेल्या आगगाडीची, आगबोटीची, डाक बंगल्याची आणि छावणीची. शिवापूर, नसरापूर, वेल्हे ही वाट पायी तुडवणाऱ्या माणसाने ती घडवली नाही आणि ती त्याच्यासाठीही नव्हती.

तथापि वेल्ह्याच्या शेतकऱ्यानेही नळी न बदलता तिचे गुण बदलण्याची विद्या साधली होती. ठासणीच्या बंदुकीत एकाच नळीत आज बारीक छर्रे, उद्या मोठे छर्रे, परवा एकच शिशाची गोळी भरता येते. दारूचे माप कमी-अधिक करता येते. चिंध्यांचा बोळा घट्ट किंवा सैल ठासता येतो. कोणत्या बोळ्याने छर्रे पसरतात, किती दारूने गोळी सरळ जाते आणि कितीने नळी फुटते, याचे ज्ञान ज्या त्या बंदुकीपुरते असे आणि ते बापाकडून मुलाकडे जाई. बार काढल्यावर काळ्या दारूची मळी आणि टोपीच्या रसायनाचे क्षार नळीत उरत. ते हवेतला ओलावा ओढून घेत, आणि घाटमाथ्याच्या दमट हवेत रात्रभरात गंज चढे. म्हणून घरी येताच नळीत कढत पाणी ओतून, चिंधीने पुसून, तेलाचा हात फिरवल्याशिवाय बंदूक ठेवू नये हा दंडक होता. लंडनच्या पेटीतला पितळी गज आणि मावळातला बांबूचा गज यांचे काम एकच.

ज्यांना बंदूकही परवडत नसे ते वाघुरी लावीत, फासे मांडीत, तिरकमठा वापरीत. कातकऱ्यांचे रानाचे ज्ञान या सर्वांपेक्षा खोल होते. आणि हाक्याच्या शिकारीत या सर्वांचा मेळ पडे. पहाटे गावाबाहेर मंडळी जमत. खोंडीच्या, म्हणजे घळीच्या, कोणत्या तोंडाशी कोण बसेल, हाका कोणत्या अंगाने सुरू होईल, वारा कुठून येतो, हे जाणती माणसे ठरवीत. मचाणावर बसणारा संस्थानिक किंवा साहेब असेल, तर त्याच्या हातातली रायफल कितीही मोलाची असो, ती जनावरासमोर आणण्याचे काम डबे, ढोल व आरोळ्या घेऊन काट्यांतून चालणाऱ्या हाकाऱ्यांचेच. शिकारीच्या छायाचित्रांत मारलेल्या जनावराच्या डोक्याशी बंदूक घेऊन उभा असलेला पुरुष दिसतो. हाकारे बहुधा चौकटीच्या कडेला किंवा बाहेर असतात. हा इतिहास लिहावयाचा तर त्या चौकटीच्या बाहेरच्या माणसांना आत आणल्यावाचून तो अपुरा राहील, असे मला मनापासून वाटते.

सरकारी संशयाचा एक परिणाम थेट बंदुकीच्या नळीच्या व्यासावर झाला. रिग्बीने १८९८ च्या सुमारास धूरविरहित दारूचे .४५० चे जबरदस्त काडतूस प्रचारात आणले, आणि मोठ्या जनावरांच्या शिकारीत ते सर्वमान्य झाले. परंतु जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी बंदुकीचाही व्यास तोच असल्याने दारूगोळा बंडखोरांच्या हाती जाईल या भीतीने इंग्रज सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान व सुदान येथे .४५० व्यासाच्या खाजगी बंदुकांना मनाई केली. लगेच विलायती कारखान्यांनी .४६५, .४७० अशी नवी काडतुसे काढली. फौजेच्या .३०३ रायफलीचीही हीच गत झाली. नागरी वापराला ती बंद म्हणून .३१५ व्यासाची शिकारी रायफल रूढ झाली. स्वातंत्र्यानंतर ती इछापूरच्या सरकारी कारखान्यात बनत राहिली. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ साली स्थापन झालेला दारूगोळ्याचा कारखाना तर या प्रांताच्या उंबरठ्यावरच उभा होता, आणि बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसे तिथूनच देशभर गेली. वेल्ह्यापासून एका दिवसाच्या वाटेवर काडतूस बनत होते, तरी घाटमाथ्यावरच्या घरात ठासणी चालूच होती. काडतुसाची बंदूक आणि तिचा परवाना ही दोन्ही त्या घराच्या आवाक्याबाहेर होती.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले. १९५१ मध्ये मुंबई राज्याने वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला. १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि पुढच्याच वर्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा एक संपूर्ण अध्याय मिटवला. हा कायदा झाला हे योग्यच झाले. भाटघर, पानशेत, वरसगाव या धरणांनी दऱ्या भरल्यावर आणि डोंगर उघडे पडल्यावर जे रान उरले त्याला बंदुकीचा भार सोसणारा नव्हता. परंतु या कायद्यांच्या गर्दीत १९५९ च्या कायद्याचे तेरावे कलम मला विशेष लक्षणीय वाटते. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी तोंडाकडून भरण्याच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे त्यात स्पष्ट म्हटलेले आहे. त्याच्या सात दशके आधी राष्ट्रीय सभेने मांडलेले गाऱ्हाणे कायद्याच्या पुस्तकात शिरले, आणि ठासणीला तिथे जागा मिळाली. आज वेल्ह्याच्या भातखाचरांत रानडुकरे उतरतात तेव्हा शेतकरी माळ्यावर बसून डबे वाजवतो, फटाके लावतो; डुक्कर मारावयाचे तर वनखात्याची रीतसर परवानगी लागते.

उलट त्या विलायती पेट्यांची दैना सुरू झाली आहे. शस्त्र कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला दोनच बंदुकांची मर्यादा घातली. वारसांनी जादा हत्यारे पोलिसांकडे किंवा दुकानदाराकडे जमा केली, की देशातल्या कित्येक जुन्या घराण्यांत नळ्यांची एक जोडी एकीकडे आणि दस्ता दुसरीकडे जाण्याचा धोका आहे. नळ्यांच्या जोडीवर व मधल्या अंगावर कारखान्याने एकच क्रमांक कोरलेला असतो. जमा करतेवेळी तो क्रमांक, नळीचा व्यास, कारखान्याचे नाव आणि पेटीतल्या चिठ्ठीवरचा मजकूर एवढे जरी एका वहीत उतरवून घेतले, आणि त्याच वहीत भोर-वेल्ह्याच्या गावोगावी अजून हयात असलेल्या हाकाऱ्यांकडून रानाच्या वाटा, खोंडींची नावे आणि हाक्याची रीत लिहून घेतली, तर पुढच्या अभ्यासकाला दोन्ही नळ्या एकाच दस्त्याशी जुळवता येतील. हे काम कोल्हापूरच्या राजवाड्यातील वस्तुसंग्रहालयासारख्या ठिकाणी, जिथे शस्त्रे आणि शिकारीची जनावरे दोन्ही जतन केलेली आहेत, आधी सुरू व्हावे. आणि भोरच्या १८६९ सालच्या राजवाड्यापासून वेल्ह्याच्या शेवटच्या वाडीपर्यंत ते त्याच पद्धतीने नेता येईल.